पहिला धक्का कोणाचा?

कॅरम खेळताना पटावरची एखादी सोंगटी जागची हलली, की चौघांचा पहिला प्रश्न एकच असतो: कोणाचा हात लागला? सोंगटी आपली आपण हलली, हे उत्तर घाटकोपरच्या चाळीत चालत नाही, मुलुंडच्या मंडळाच्या स्पर्धेतही चालत नाही. हललेल्या वस्तूला हलवणारे काहीतरी असलेच पाहिजे, हा आपला विश्वास इतका मुरलेला आहे की तो विश्वास आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. शाळेत न्यूटनचे नियम शिकलो, तेव्हा त्यावर विज्ञानाचा शिक्काही बसला असे वाटले.

पण तो शिक्का खरोखर बसला होता का? गेल्या दोनशे वर्षांत, आणि त्यातही गेल्या पन्नास वर्षांत, गणिती आणि तत्त्वज्ञ यांनी अशी काही उदाहरणे मांडली आहेत की ज्यांत न्यूटनचे सगळे नियम पाळले जातात आणि तरीही एखादी वस्तू कोणत्याही कारणावाचून हलू लागते, ऊर्जा नाहीशी होते, किंवा रिकाम्या अवकाशात कुठूनसे नवे पिंड येऊन पोहोचतात. यात पुंजयामिकीचा संबंध नाही. हे सारे शाळेतल्या, चेंडू-फळी-उताराच्या यामिकीतच घडते.

या उदाहरणांचा आढावा घेताना मला जे दिसते ते आधीच सांगतो. ‘कारणावाचून कार्य नाही’ हे वाक्य न्यूटनच्या नियमांत लिहिलेले नाही. ते आपण त्यांत वाचतो. बहुतेक ठिकाणी ते वाचन खरे ठरते. जिथे ते फसते, तिथे दर वेळी अनंत कोणत्या ना कोणत्या वाटेने आत शिरलेले असते. कधी अंतराच्या तुकड्यांतून, कधी वस्तूंच्या संख्येतून, कधी घुमटाच्या टोकातून, कधी विश्वाच्या पार पलीकडून. अशा जागी नियम स्वतःशी विसंगत होत नाहीत, ते गप्प बसतात.

लाप्लासचा दावा आणि २६ जुलै

लाप्लासने १८१४ मध्ये संभाव्यतेवरच्या निबंधात एक कल्पना मांडली. विश्वातल्या प्रत्येक कणाची या क्षणीची जागा, वेग आणि त्यावरचे बल हे सगळे जाणणारी एखादी बुद्धी असेल, तर तिला भूत आणि भविष्य दोन्ही सारखेच उघड दिसतील. या मताला नियतत्ववाद म्हणतात: आजची अवस्था एक, तर उद्याची अवस्थाही एकच.

इथे एक गल्लत टाळायला हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. असा पाऊस आधी सांगता आला नाही, याचा अर्थ तो नियतत्वाबाहेरचा होता असा होत नाही. हवामानात सुरुवातीचा सूक्ष्म फरक पुढे प्रचंड होतो, आणि आपल्याला सुरुवात पुरेशी नेमकी ठाऊक नसते. उणीव आपल्या माहितीची. लाप्लासच्या त्या बुद्धीला तो पाऊस आठवडाभर आधी दिसला असता. पुढच्या कोड्यांत मात्र सगळी माहिती हातात असते, अगदी दशांशाच्या अखेरच्या स्थळापर्यंत, आणि तरीही पुढे काय होणार हे ठरत नाही.

अर्धे, आणि अर्ध्याचे अर्धे

सर्वांत जुने कोडे झेनोचे. अंधेरीहून बोरिवली साधारण १२ किलोमीटर. लोकलने आधी ६ किलोमीटर जायला हवे, मग उरलेल्याचे अर्धे, म्हणजे ३, मग दीड, मग पाऊण. टप्पे संपतच नाहीत, तर गाडी पोहोचते कशी? एकोणिसाव्या शतकात गणिताने अनंत श्रेणींच्या बेरजेची पक्की व्याख्या केली आणि उत्तर दिले: टप्पे अनंत असले तरी त्यांची बेरीज १२ किलोमीटरच आहे, आणि वेळेचीही तशीच सांत आहे. गाडी पोहोचते.

आपल्याकडे वैशेषिकांनी हीच अडचण वेगळ्या टोकाने धरली. वस्तूचे तुकडे अनंत वेळा करता येत असतील, तर मेरू पर्वतालाही अनंत अवयव आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंत अवयव. मग दोघे सारखेच मोठे ठरतील. ते तर होत नाही. म्हणून विभाजन कुठेतरी थांबले पाहिजे, आणि ते जिथे थांबते तो परमाणू. आज हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, कारण अवयवांची संख्या आणि वस्तूचे माप या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे कँटोरनंतरच्या गणिताने स्पष्ट केले. पण प्रश्न अचूक जागी विचारलेला होता. अनंताशी हिशेब करताना सांत संख्यांची सवय कामाला येत नाही.

हे भास्कराचार्यांना ठाऊक होते. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० च्या सुमारास, पुरा केला. त्यातल्या बीजगणितात ‘खहर’ राशी येते: छेदात शून्य असलेली. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. सृष्टी निर्माण झाली वा लयाला गेली तरी अनंत अच्युतात फरक पडत नाही, तसे हे आहे, असा दृष्टान्त ते देतात. मिळवले-काढले तरी हिशेब बदलत नाही, हा अनंताचा गुण पुढे ऊर्जेच्या हिशेबात फार महाग पडणार आहे.

झेनोची बेरीज सुटली, पण एक धागा लोंबता राहिला. जेम्स थॉमसनने १९५४ मध्ये एक दिवा मांडला. अर्ध्या मिनिटाने तो लावला, पुढच्या पाव मिनिटाने मालवला, मग त्याच्या अर्ध्या वेळात परत लावला, असे चालू. एक मिनिट पुरे होईल तेव्हा बटण अनंत वेळा दाबून झालेले असेल. मग दिवा चालू की बंद? बटण शेवटचे दाबले असा क्षणच नाही, त्यामुळे उत्तर मिळत नाही. अशा, सांत वेळात अनंत कृती उरकणाऱ्या कामांना इंग्रजी तत्त्वज्ञानात ‘सुपरटास्क’ म्हणतात. थॉमसनला वाटले, हे कामच अशक्य आहे. पॉल बेनासेराफने १९६२ मध्ये त्याला सुरेख उत्तर दिले. दिलेल्या सूचना एक मिनिटाच्या आधीच्या प्रत्येक क्षणाविषयी बोलतात, त्या एक मिनिटाच्या क्षणाविषयी एक अक्षर बोलत नाहीत. चालू म्हणा, बंद म्हणा, कोणतीही सूचना मोडत नाही. म्हणजे इथे विसंगती नाही, मौन आहे.

जोसे बेनार्डेट यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकात हेच मौन उलट्या बाजूने दाखवले. एक माणूस चालायला निघणार आहे. एका देवाने ठरवले आहे, हा अर्ध्या वाटेवर पोहोचला की त्याच्यापुढे भिंत उभारायची. दुसऱ्याने ठरवले आहे, पाव वाटेवर पोहोचला की भिंत उभारायची. तिसऱ्याने आठव्या भागावर. अशा अनंत देवांचे अनंत बेत. आता तो माणूस एक पाऊलही टाकू शकत नाही, कारण कितीही थोडे चालला तरी त्याआधीच कोणीतरी त्याला अडवलेले असायला हवे. पण तो निघालाच नाही, म्हणजे कोणाचीही अट पुरी झाली नाही, एकही भिंत उभी राहिली नाही. मग त्याला अडवले कोणी? नुसत्या बेतांनी? इथे ‘कारण’ हा शब्द हातातून निसटू लागतो.

न संपणारी रांग

आता परत कॅरमकडे. एका वजनाच्या दोन सोंगट्या. एक स्थिर, दुसरी सरळ येऊन तिच्यावर नेमकी आदळली, तर आदळणारी जागीच थांबते आणि तिचा सगळा वेग दुसरीला मिळतो. घर्षण नाही असे समजू, आणि सोंगट्या बिंदूएवढ्या आहेत असेही समजू. पटावर एका रेषेत सोंगट्या मांडल्या आहेत: कडेपासून अर्ध्या मीटरवर एक, पाव मीटरवर दुसरी, आठव्या भागावर तिसरी, अशा कडेकडे सरकत जाणाऱ्या अनंत सोंगट्या. एक मीटरवरून एक सोंगटी सेकंदाला एक मीटर वेगाने आली. तिने पहिलीला मारले आणि ती थांबली. पहिली जाऊन दुसरीच्या जागी थांबली, दुसरी तिसरीच्या जागी. एक सेकंद पुरा होतो तेव्हा प्रत्येक सोंगटी एकेक घर पुढे सरकून शांत बसलेली असते.

मग वेग कुठे गेला? प्रत्येक टकरीत ऊर्जा आणि संवेग काटेकोर राखले गेले, एकाही टकरीत पैचा घोटाळा नाही. तरी सुरुवातीला असलेली ऊर्जा शेवटी कोणाजवळच नाही. प्रत्येकीने ती पुढचीला दिली, आणि जिने ती ठेवून घ्यावी अशी शेवटची सोंगटी नाही. १९९६ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात स्पेनमधल्या बास्क प्रदेशातले तत्त्वज्ञ पेरेझ लारौदोगोइतिया यांनी ही मांडणी प्रसिद्ध केली.

खरी मती गुंग होते ती पुढे. न्यूटनच्या नियमांना काळाची दिशा नसते. जे घडू शकते त्याची उलटी चित्रफीतही नियमांना मान्य असते. तेव्हा ही चित्रफीत उलटी फिरवा. अनंत सोंगट्या शांत आहेत, कितीही काळ शांत आहेत. मग अचानक कडेजवळ खळबळ सुरू होते आणि एका सेकंदाच्या आत सगळ्यांत बाहेरची सोंगटी वेगाने निघून जाते. हात कोणाचा लागला? कोणाचाच नाही. प्रत्येक सोंगटीला विचारा, ती आपल्या शेजारणीकडे बोट दाखवील, आणि ते खरेच असेल. पण पहिली मारणारी कोणी नाहीच.

आपल्या तर्कशास्त्रात अशा साखळीला नाव आहे, अनवस्था. नैयायिक तिला दोष मानतात. पण सरसकट नाही. बीजापासून अंकुर, अंकुरापासून बीज ही साखळी अनादी असली तरी दोषी नाही, कारण प्रत्येक बीजाला आपला अंकुर आहे आणि ती मागे अनंत काळ पसरलेली आहे. मला वाटते, लारौदोगोइतियांचे कोडे या जुन्या भेदावर नव्याने बोट ठेवते. त्या सोंगट्यांतही प्रत्येकीला आपले कारण आहे, बीजांकुरासारखेच. फरक इतकाच की इथे अनादी साखळी एका सेकंदात दाबून बसवली आहे, तिच्या आधी शांततेचा काळ आहे, आणि त्या शांततेतून तिची सुरुवात होते. प्रत्येक कडीला कारण असले म्हणजे साखळीला कारण असते का, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

भास्कराचार्यांच्याच ग्रंथात एक ‘स्वयंवह’ यंत्र येते: पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेले, आपले आपण फिरत राहणारे चाक. ते चाक चालत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्याला अडवतो. पण तो नियम सांत भागांच्या यंत्राला अडवतो. भाग अनंत झाले, की प्रत्येक भागाचा हिशेब बरोबर असूनही एकूण हिशेब मोकळा राहू शकतो. खहर राशीत मिळवले-काढलेले दिसत नाही, ते हेच.

गळके पिंप आणि नॉर्टनचा घुमट

अनंत सोंगट्या कोणी पाहिल्या आहेत, असे कोणी म्हणेल. रास्त आहे. म्हणून आता एकच गोटी घेऊ.

आधी उपनगरातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेले पिंप. तळाला बारीक भोक आहे आणि पाणी गळते आहे. टोरिचेलीच्या नियमाप्रमाणे पाण्याची पातळी उतरण्याचा वेग तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पिंप अर्धे भरलेले दिसले, तर ते तासापूर्वी किती भरलेले होते हे सांगता येते. पण पिंप रिकामे दिसले, तर ते केव्हा रिकामे झाले हे कोणालाही सांगता येणार नाही. पहाटे झाले असेल, परवा झाले असेल. समीकरण तेच, आजची अवस्था तीच, आणि मागचे इतिहास अनेक. यात गूढ काही नाही. पण हे समीकरण काळाच्या उलट दिशेने वाचले, तर काय मिळते पाहा: रिकामी अवस्था, आणि तीतून केव्हाही सुरू होऊ शकणारी भरती.

पिट्सबर्गच्या जॉन नॉर्टन यांनी २००३ मध्ये हे यामिकीत आणून दाखवले. एक घुमट घ्या. त्याच्या माथ्यापासून पृष्ठावरून मोजलेले अंतर जितके, त्याच्या दीड घाताच्या प्रमाणात घुमट खाली उतरत जातो. प्रमाणाचा आकडा असा निवडला आहे की माथ्यापासून एक मीटर सरकलो तर उंची घटते जेमतेम ७ सेंटिमीटर. पृष्ठ गुळगुळीत, घर्षण नाही. माथ्यावर, नेमक्या टोकाला, एक गोटी स्थिर ठेवली आहे.

न्यूटनचा दुसरा नियम इथे सांगतो की गोटीचे त्वरण तिच्या माथ्यापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाएवढे असते. त्याचे एक उत्तर उघड आहे: गोटी कायम माथ्यावरच राहते. अंतर शून्य, बल शून्य, त्वरण शून्य. पण दुसरेही उत्तर आहे, आणि दुसरे म्हणजे अगणित. गोटी कोणत्याही क्षणापर्यंत स्थिर राहते आणि त्या क्षणानंतर कोणत्याही दिशेने घरंगळू लागते, अशी की तिचे अंतर लोटलेल्या काळाच्या चौथ्या घाताला १४४ ने भागून येते. एका सेकंदात ती ७ मिलिमीटर सरकते, दोन सेकंदांत ११ सेंटिमीटर, साडेतीन सेकंदांत मीटरभर. ज्याला कलन येते त्याने दोनदा अवकलन करून पाहावे. समीकरण तंतोतंत जुळते. केव्हा निघायचे आणि कोणत्या दिशेला, हे मात्र समीकरण सांगत नाही.

साध्या गोल घुमटावर असे का होत नाही? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात स्तूप आहे. त्याचे अंड जवळजवळ गोलाकार. माथ्यावरची हर्मिका मनानेच बाजूला ठेवू आणि तिथे गोटी ठेवू. गोल पृष्ठावर माथ्यापासूनचे अंतर शंभरावा भाग केले, तर उतारही शंभरावा भाग होतो. नॉर्टनच्या घुमटावर अंतर शंभरावा भाग केले तरी उतार फक्त दहावा भाग होतो. माथ्याच्या अगदी जवळही तिथे निसरडेपण फार शिल्लक राहते. याचा परिणाम उलट्या दिशेने स्पष्ट कळतो. गोल घुमटावर गोटी खालून वर अशी ढकलली की ती नेमकी माथ्यावर थांबावी, तर तिला तिथे पोहोचायला अनंत काळ लागतो. ती मंदावत जाते आणि कधीच पोहोचत नाही. नॉर्टनच्या घुमटावर ती साडेतीन सेकंदांत पोहोचून थांबू शकते. थांबून कितीही वेळ बसू शकते. आता चित्रफीत उलटी फिरवा. जी सांत वेळात येऊन थांबू शकते, ती थांबलेली असताना सांत वेळात निघूही शकते.

यातला बारकावा असा. गोटी निघण्याचा ‘पहिला क्षण’ नसतो. स्थिरतेचा शेवटचा क्षण असतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक क्षणी ती हललेली असते. त्या शेवटच्या क्षणी बल शून्य आणि त्वरणही शून्य, म्हणून पहिला नियम मोडत नाही. गमनाला सुरुवात कुठे होते, हा प्रश्न नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिके’च्या दुसऱ्याच प्रकरणात घातला होता. जे गेले त्यात सुरुवात नाही, जे अजून गेले नाही त्यात नाही, मग कुठे? नागार्जुनाने आपले एक पत्र सातवाहन राजाला लिहिले असे परंपरा मानते, आणि कान्हेरीच्या लेखांतही सातवाहन राजे भेटतात. तो प्रश्न आणि तो स्तूप एकाच काळाच्या कुशीतले म्हणायला हरकत नाही.

वैशेषिकांकडे तर अशा चलनाला शब्दच आहे. प्रयत्न, गुरुत्व, संयोग अशी चलनाची कारणे सांगितल्यावर जिथे यांतले काहीच सापडत नाही, म्हणजे चुंबकाकडे सुईचे सरकणे किंवा सृष्टीच्या आरंभी परमाणूंचे पहिले चलन, तिथे वैशेषिकसूत्रे ‘अदृष्ट’ हे कारण सांगतात. पुढे त्या शब्दाला पाप-पुण्याचा अर्थ चिकटला. पण मूळ ठिकाणी मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो: आमचा हिशेब इथे पुरा होत नाही, आणि ती जागा आम्ही खूण करून ठेवत आहोत.

पाश्चात्त्य परंपरेतही ही जागा नवी नाही. प्वासाँने १८०६ मध्येच अशा समीकरणांना एकाहून अधिक उत्तरे असतात हे नोंदवले होते. बुसिनेस्कने १८७८ मध्ये त्यांवर पुस्तकच लिहिले आणि म्हटले की अशा दुहेरी वाटेच्या ठिकाणी सजीवांतले तत्त्व, माणसाची इच्छा, दिशा निवडू शकत असेल. गणिताने याच सुमारास उत्तर एकच येण्याची एक पुरेशी अट शोधली. रुडोल्फ लिपशिट्झ यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि बी.एस्सी.च्या गणितात आजही शिकवली जाते. थोडक्यात: जागा किंचित बदलली तर बल त्या प्रमाणातच बदलले पाहिजे. घुमटाच्या माथ्यावर ही अट तुटते, कारण तिथली वक्रता अनंत आहे. अनंत आत शिरले ते त्या टोकातून.

अनंतातून येणारे पाहुणे

चौथी वाट सर्वांत भव्य. पॉल पेनलेव्हे यांनी १८९५ मध्ये स्टॉकहोमच्या व्याख्यानांत विचारले: एकमेकांना गुरुत्वाकर्षणाने ओढणाऱ्या बिंदुवत पिंडांची गती टक्कर न होताच कोलमडू शकते का? तीन पिंड असतील तर नाही, हे त्यांनी सिद्ध केले. त्याहून जास्त असतील तर होऊ शकेल, असा त्यांचा अंदाज होता. १९०८ मध्ये फॉन झाइपेल यांनी दाखवले की तसे झालेच तर निदान काही पिंड सांत वेळात अनंत दूर गेलेले असतील.

उदाहरण सापडायला शतक लागले. १९९२ मध्ये झिहाँग शिआ यांनी पाच पिंडांची रचना सिद्ध केली: एकमेकांभोवती फिरणाऱ्या पिंडांच्या दोन जोड्या, एकमेकींपासून दूर, आणि त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालणारा पाचवा पिंड. दर खेपेला तो एका जोडीजवळून जातो, जोडीतले दोघे आणखी जवळ येतात, त्यांतून मोकळी झालेली ऊर्जा गतीला मिळते. पिंड बिंदुवत असल्यामुळे दोघांना कितीही जवळ येता येते, म्हणून ऊर्जेची ही विहीर आटत नाही. येरझाऱ्या वाढत जातात, वेग वाढत जातो, आणि सांत वेळात जोड्या अनंतापार निघून जातात. चार पिंडांसाठीही असे घडते हे जिनशिन श्वे यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले.

आता तीच चित्रफीत उलटी. एका क्षणापर्यंत अवकाश रिकामे. त्या क्षणानंतर पाच पिंड अनंतातून आलेले. लाप्लासच्या बुद्धीने आधीच्या क्षणी विश्वाचा कोपरान् कोपरा तपासला, तरी त्यांचा मागमूस सापडत नाही, कारण तेव्हा ते कोणत्याच कोपऱ्यात नव्हते. १९८६ मध्ये जॉन इअरमन यांनी नियतत्वावरच्या आपल्या पुस्तकात दाखवले की न्यूटनच्या विश्वात वेगाला वरची मर्यादा नसल्यामुळे हे दार उघडे राहते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत प्रकाशाचा वेग ही मर्यादा आहे, म्हणून तिथे ते बंद होते. ज्या सिद्धान्ताने आपल्याला काळाविषयी इतके हादरवले, तो नियतत्वाला न्यूटनपेक्षा अधिक सांभाळून घेतो, हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत शिकवणारे सत्य वाटते.

साऱ्या विश्वाचा हात

आतापर्यंत अनंत एका टोकावर होते. सगळे विश्वच अनंत असेल तर? ह्यूगो फॉन झेलिगर यांनी १८९५ मध्ये दाखवले की अनंत, सारख्या दाटीच्या विश्वात एका वस्तूवरचे एकूण गुरुत्वबल काढायला गेलो, तर बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर उत्तर ठरते. कारणे सगळी हजर, पण त्यांची बेरीज नाही.

याच्या पुढचा प्रश्न मराठी वाचकाच्या जवळच्या माणसाने हाताळला. न्यूटनच्या बादलीत पाणी फिरू लागले की कडेने वर चढते. ते कशाच्या तुलनेत फिरते? न्यूटन म्हणे, निरपेक्ष अवकाशाच्या. एर्न्स्ट माख म्हणाले, दूरच्या ताऱ्यांच्या. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा असा सिद्धान्त मांडला की वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नसते. विश्वातल्या बाकीच्या सर्व द्रव्यामुळे ते येते. त्याच काळात दोघांनी व्हीलर आणि फाइनमन यांच्या कल्पनेवरही काम केले. त्या कल्पनेत विद्युतभाराचा परिणाम भविष्याकडे तसा भूतकाळाकडेही जातो, आणि विश्वातल्या इतर साऱ्या भारांचा प्रतिसाद मिळाल्यावर आपल्याला फक्त भविष्याकडे जाणारा परिणाम दिसतो. कारण आधी आणि कार्य नंतर, हा क्रमच साऱ्या विश्वाच्या भविष्यावर अवलंबून ठरतो. त्यांचे हे सिद्धान्त मुख्य प्रवाहात रुजले नाहीत. पण कार्यकारणाची दिशा गृहीत न धरता ती कुठून येते हे विचारायचे असते, हा धडा त्यांतून मिळतो.

उत्तरे, आणि त्यांची किंमत

या कोड्यांना दिलेली उत्तरे मला चार गटांत दिसतात.

पहिला गट म्हणतो, निसर्गात अनंत सोंगट्या नसतात, बिंदुवत पिंड नसतात, आणि दगड अणूंचा असल्यामुळे नॉर्टनचे टोक कोरताच येणार नाही. हे खरे आहे. वैशेषिकांच्या परमाणूचेच हे आधुनिक रूप. पण प्रश्न दगडाविषयी नव्हता. न्यूटनचा सिद्धान्त नियतत्व सांगतो की नाही, हा होता. कोडे खोडून काढायला अणू लागत असतील, तर नियतत्व सिद्धान्ताने दिले नाही, अणूंनी दिले.

दुसरा गट अट घालतो: लिपशिट्झची अट पाळणारी बलेच न्यूटनीय समजायची. डेव्हिड मॅलमेंट यांनी आणि नंतर सॅम्युअल फ्लेचर यांनी या वादाचे बारकाईने परीक्षण केले. फ्लेचर यांचा निष्कर्ष मला पटतो: ‘न्यूटनीय यामिकी’ नावाची एकच ठरीव वस्तू नाही, कामाप्रमाणे तिच्या सीमा आखल्या जातात. अट घालण्याचा हक्क आहे. फक्त ती आपण घातली, हे विसरू नये.

तिसऱ्या गटात अलेक्झांडर प्रस आहेत. २०१८ च्या पुस्तकात ते एकच तत्त्व सुचवतात: कोणत्याही घटनेमागे अनंत कारणे असू शकत नाहीत. त्याने थॉमसनचा दिवा, बेनार्डेटचे देव, अनंत सोंगट्या एका फटक्यात जातात. पण नॉर्टनची एकुलती एक गोटी जात नाही, कारण तिच्यामागे अनंत कारणे नाहीत, एकही नाही. शिवाय बीजांकुराची निरुपद्रवी साखळीही या तत्त्वाला गमवावी लागते. मला ही किंमत फार वाटते.

चौथा गट बर्ट्रांड रसेलपासूनचा. १९१२ मध्ये त्यांनी अरिस्टॉटेलियन सोसायटीपुढे मांडले की प्रगत विज्ञानात कारण हा शब्दच आढळत नाही, तिथे अवस्थांमधले गणिती संबंध असतात. नॉर्टन यांचेही मत याच वळणाचे: कार्यकारण ही रोजच्या वापराची, सोयीची चौकट आहे, निसर्गाचा पाया नाही.

मी या चौथ्या मताच्या जवळ आहे, पण त्यात एक भर घालावीशी वाटते. कारण मागणे ही आपली चूक नव्हे. चाळीत पिंप रिकामे का, हे विचारलेच पाहिजे. पूल का पडला, पाणी का तुंबले, हे विचारणे सोडले तर माणसे मरतात. मात्र जगाला कारण मागताना त्या प्रश्नाला उत्तर असण्याची अट कोणती, हेही शोधले पाहिजे. लिपशिट्झची अट, वेगाची मर्यादा, भागांची सांतता: या त्या अटी. ही कोडी त्या अटी उघड्या करतात, आणि म्हणून ती शब्दांचा खेळ नव्हेत.

कान्हेरीच्या कातळात स्तूपाचे अंड कोरणाऱ्यांनी ते गोल कोरले. तिथे हर्मिका असो वा नसो, नेमक्या माथ्यावर ठेवलेली गोटी, गणिताच्या मते, कोणी हात लावीपर्यंत जागची हलणार नाही. तिथे ‘कोणाचा हात लागला’ या प्रश्नाला उत्तर असेलच. त्याच उंचीच्या, नजरेला जवळजवळ तसाच दिसणाऱ्या, पण टोकाशी निराळ्या प्रमाणात उतरणाऱ्या घुमटावर त्या प्रश्नाला उत्तर असेलच असे नाही. दोन्हींत नियम एकच, गुरुत्व एकच, गोटी एकच. फरक आहे तो माथ्याजवळच्या उताराचा.